दोन लिप्यांच्या कामासाठी ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत मांडणी, छपाई वा व्हिडिओ संपादनासाठी संगणक घेताना विंडोज, मॅक की लिनक्स हा वाद आधी घालू नये. आपल्याकडे कोणत्या फाइली येतात आणि आपल्याकडून कोणत्या जातात, याची आठवडाभर नोंद ठेवावी. निम्मा निर्णय तेथेच होतो.

सीमाभागातील काम बहुधा देवनागरी आणि कन्नड अशा दोन लिप्यांचे असते. दुकानाच्या फलकावर 60 टक्के कन्नड असण्याची अट 2024 च्या दुरुस्तीने कर्नाटकाच्या कायद्यात आल्यापासून मराठी गिऱ्हाइकाचा फलकही एका लिपीत भागत नाही. जुन्या पत्रिका व अहवाल मात्र युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेत पद्धत) रुळण्यापूर्वीच्या फाँटांत बांधलेले असतात. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी किंवा कन्नड आकार बसवलेले असल्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. माझ्याकडे एक स्मरणिका अशीच आली आणि ती सारी पुन्हा टाइप करावी लागली. असा साठा मोठा असेल आणि छापखाना कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरचीच फाइल मागत असेल, तर विंडोज घ्यावे. कोरलड्रॉ 2019 पासून मॅकवरही पुन्हा मिळू लागला, तरी जुन्या फाँटांचे दुखणे त्याने जात नाही.

नवे काम युनिकोडमध्येच करावे. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक तिन्ही सिस्टिमांत मिळतो, आणि त्यात मराठीचा ‘क’ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचाही ‘क’ असल्याने दोन्ही भाषांसाठी बोटांना एकच सवय पुरते. आपल्या भागाला ही सोय फार मोलाची आहे.

जुना संगणक घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये: विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी संगणकात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. फायनल कट (व्हिडिओ संपादन) किंवा लॉजिक (ध्वनी संपादन) या सॉफ्टवेअरवर काम करायचे असेल, तर मॅकशिवाय मार्ग नाही. मात्र आताच्या मॅकबुकमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही, त्यामुळे ती सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी. लिनक्सवर क्रिटा, इंकस्केप आणि ब्लेंडर ही चित्रकला व थ्रीडीची सॉफ्टवेअर उत्तम चालतात, पण फोटोशॉप व पानांच्या मांडणीचे इनडिझाइन तेथे मिळत नाहीत. चित्रकाराला हे चालेल, छापखान्याशी रोजचा व्यवहार असणाऱ्याला जड जाईल.

पैसे देण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द आणि जोडाक्षरांनी भरलेली एक कन्नड ओळ आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून अक्षरे नीट जुळतात का ते पाहावे. इनडिझाइनमध्ये वेलांटी चुकीच्या जागी गेल्यास त्यातील वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडावा. उबुंटू हा लिनक्सचा प्रकार तर पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, चालवून पाहता येतो. शेवटी त्याच पानाची पीडीएफ नेहमीच्या छापखान्यात नेऊन त्यांच्या संगणकावर उघडावी आणि एक प्रूफ काढून घ्यावे.