१० ऑक्टोबरची पोस्ट टाकण्याआधी या चुका टाळा

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की आमच्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांची सोशल मीडियावरची पानं हिरव्या फितींनी भरून जातात. मला बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा मानसिक आजार) आहे आणि पोटापाण्याला मीही एमआयडीसीतच आहे. तेव्हा या पोस्टी करणाऱ्यांना काही सांगायचंय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: ‘मनमोकळं बोला’ असं लिहायचं, पण कुणी बोललं तर पुढे काय करायचं ते ठरवायचंच नाही. माझ्या रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी नऊपर्यंत उतरत नाही. सातच्या पाळीला प्रेस मशीनवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) उभी राहिले की सगळं लक्ष बोटं वाचवण्यात जातं. म्हणून ‘पहिली पाळी नको’ एवढाच अर्ज मी आधीच्या कंपनीत दिला होता. तीन आठवडे उत्तर नाही. मग एचआरमधून फोन आला, “ताई, तुमचा एक छोटा व्हिडिओ करूया का? लोकांना प्रेरणा मिळेल.” अर्जाचं विचारलं तर, “ते बघतो.” त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. समान संधी धोरण खासगी कंपनीलाही जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर दिव्यांग कामगारांसाठी संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. त्यामुळे पोस्टच्या आधी हे ठरवा: अर्ज कुणाकडे द्यायचा, उत्तर किती दिवसांत मिळणार, पाळी बदलून मिळेल का, ओपीडीच्या दिवशी सुट्टीचं काय.

दुसरी चूक, आजारी माणसालाच कॅमेऱ्यासमोर बसवणं. साहेबांनी विचारल्यावर नाही म्हणणं सोपं नसतं. व्हिडिओ नातेवाइकांपर्यंत पोचतो, स्थळ बघणाऱ्यांपर्यंत पोचतो, पुढच्या नोकरीच्या मुलाखतीतही निघतो. कुणी आपणहून तयार असेल तरच घ्या, आणि नंतर काढून टाका म्हटलं की त्याच दिवशी काढा.

रीलला मराठी सबटायटल द्या, नाहीतर कर्णबधिर सहकाऱ्याला नुसते हलणारे ओठ दिसतात. पोस्टरवरचा मजकूर कॅप्शनमध्येही लिहा. अंध सहकाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं बऱ्याचदा वाचता येत नाहीत.

आणि पोस्टखाली ‘नाटकं आहेत सगळी’ अशी कमेंट आली तर ती रात्रभर तशीच ठेवू नका. कमेंट बघायला माणूस नेमा. कुणी तिथे जीव नकोसा झाल्याचं लिहिलं तर त्याच्याशी लगेच बोला आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.