मांजराचं पोट बिघडलं की लोक हमखास करतात त्या चुका (या टाळा!)

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मांजराच्या शीचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ, "ताई कुठलं औषध देऊ?" वय किती, वजन किती, लसी झाल्यात का, काल काय खाल्लं, यातलं काहीच नाही. फोटो बघून औषध सांगणारी माणसं भेटतातही, आणि मग आठवड्याभराने तोच फोटो परत येतो.

"आमची तर घराबाहेर पाऊलच टाकत नाही, जंत कुठून होणार?"

हे ऐकून ऐकून कान किटलेत. मांजर बाहेर जात नाही पण तुमच्या चपला जातात ना, नर्सरीतून कुंडीची माती येते, आणि झुरळं-उंदीर काही सोसायटीच्या गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहून आत येत नाहीत. राउंडवर्मची (गोल जंतांची) अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात, उंदीर किंवा झुरळ खाल्लं तरी त्यातून लागण होऊ शकते. पिल्लांना तर आईच्या दुधातूनच जंत मिळतात. म्हणजे जिन्याखालून उचलून आणलेलं पिल्लू जंत घेऊनच आलंय असं धरून चालायचं.

आता टेपवर्मचं (चपट्या, पट्टीसारख्या जंताचं) ऐका, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओळखीतल्या एका काकूंची मांजर, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळ्या खिडक्यांना जाळी. काकूंना दिवाणावर सारखे तांदळाचे दाणे दिसायचे. आधी त्यांना वाटलं नातू डबा खाताना सांडतो, त्याला बिचाऱ्याला बोलणीही बसली. मग एक दाणा हलला! शेपटीखालीही तेच चिकटलेले. ते टेपवर्मचे तुकडे असतात, अंड्यांनी भरलेले. काकूंनी मेडिकलमधून पायरँटेलचं सिरप आणून पाजलं, काही झालं नाही, परत पाजलं, मग म्हणायला लागल्या हल्ली औषधंच नकली येतात. औषध नकली नव्हतं हो, पायरँटेल राउंडवर्म आणि हुकवर्मसाठी (आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतांसाठी) असतं, टेपवर्मवर त्याचा उपयोग नाही, तिथे प्राझिक्वांटेल लागतं. व्हेटने ते दिलं, दाणे गेले, काकू खूश. महिना होत नाही तोच दाणे परत हजर.

तेव्हा मी उवांची बारीक फणी घेऊन त्यांच्याकडे गेले. कमरेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकले, दोन मिनिटांत कणांभोवती लालसर तपकिरी डाग. ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. काकू मानायलाच तयार नाहीत, "आमच्याकडे पिसवा? शक्यच नाही!" पण घरात नेहमी दिसणारा हा टेपवर्म पिसवांमधूनच येतो. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि अळी पोटात जाते, दोन-तीन आठवड्यांत दाणे परत सुरू. त्यात पावसाळ्यात दमट हवेत पिसवा मजेत वाढतात, आणि मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात.

त्यामुळे जंताचं औषध आणि पिसवांचं औषध एकाच वेळी, आणि घरातल्या प्रत्येक जनावराला. पिसवांचं औषध किमान तीन महिने तरी चालू ठेवा, कारण कोषातून नव्या पिसवा निघतच राहतात. चादरी गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम मारून पिशवी लगेच घराबाहेर टाका. आणि कृपा करून कुत्र्याचं उरलेलं स्पॉट-ऑन (मानेवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध) "थोडंसंच" म्हणून मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराला ते पचवता येत नाही, थरथर, झटके, आणि जीवही जातो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला केलेले हे उद्योग मला अजिबात बघवत नाहीत.

"बाळाची जंताची गोळी आहे घरात, अर्धी देऊ?"

नाही. माणसांच्या गोळीतल्या अल्बेंडाझोलने मांजराच्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीनेही मांजर जाऊ शकते. जंतांवर लसूण सांगणारेही असतात, त्यांना सांगा की लसणाने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. आणि डोस वजनावर ठरतो, अंदाजावर नाही. मी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहते, मग एकटी, वजाबाकी केली की झालं. पिल्लू असेल तर किचनचा काटा.

प्रत्येक जुलाब म्हणजे जंत नव्हे

लोकांना घाई असते, डीवॉर्मिंग केलं (जंताचं औषध दिलं) की काम झालं. पण जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया (डोळ्यांना न दिसणारे आतड्यातले एकपेशीय परजीवी) असेल तर पायरँटेल पाजून काहीही होत नाही, त्यांची औषधं वेगळी. म्हणून शी तपासा. ताजी शी, स्वच्छ डबी, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नाही). एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून नाचू नका, जिआर्डिया रोज शीतून बाहेर पडत नाही, एक-एक दिवस सोडून तीन नमुने द्यावेत. टेपवर्मही तपासणीत बऱ्याचदा निसटतो, म्हणून दाणा दिसला तर सेलोटेपवर चिकटवून घेऊन जा.

आणि लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, खात नाहीये, मलूल पडलंय, तर जंताचं औषध हातात घेऊच नका. तो पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) असू शकतो, काही तासांत तब्येत ढासळते, आणि तो विषाणू चपलांवरूनही घरात येतो.

बाकीच्या चुका पटापट सांगते. दूध-पोळी: बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, बंद करा आणि जुलाब थांबतात का बघा. ड्राय फूड एका दिवसात बदलू नका, आठवडा-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा. दर आठवड्याला उलटी होत असेल तर "हेअरबॉल (चाटून गिळलेल्या केसांचा गोळा) असेल" म्हणून सोडून देऊ नका. गुदद्वारातून दोरा किंवा मांजा लोंबताना दिसला तर ओढू नका, आत आतडं चिरतं. जाडजूड मांजर दोन दिवस जेवली नाही तर लिव्हरवर येतं, "भूक लागली की खाईल" हे तत्त्वज्ञान तिथे चालत नाही.

शेवटचं, बोकेवाल्यांसाठी. बोका लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये) सारखा जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, बाहेर काही पडत नाहीये. लोक म्हणतात बद्धकोष्ठ झालंय आणि एरंडेल पाजतात. आधी लिटरमध्ये लघवीने भिजून झालेले वाळूचे गोळे आहेत का बघा. नसतील तर लघवी अडकलीये, आणि एक-दोन दिवसांत बोका मरू शकतो. पोट दाबून बघू नका, सकाळची वाट बघू नका, निघताना व्हेटला फोन करून "बोक्याची लघवी बंद आहे" एवढंच सांगा, म्हणजे ते कॅथेटर (लघवी काढायची नळी) तयार ठेवतील, आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला हे आजच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा.