भिंतीवरच्या लोखंडी शिडीवर चढण्यापूर्वी

टाकी, चिमणी किंवा यंत्राला कायमची जोडलेली शिडी रोजच्या वापरातली असली, तरी चढण्यापूर्वी तिच्या पायऱ्या, वेल्डिंगचे सांधे आणि भिंतीत रोवलेले बोल्ट तपासून घ्यावेत. गंज बहुधा सांध्यांपाशी, रंगाच्या थराखाली लपून वाढतो. चढताना व उतरताना तोंड शिडीकडेच असावे आणि दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत टेकलेले राहावेत. हातात अवजार असेल तर हे शक्यच नसते, म्हणून अवजारे कमरेच्या पट्ट्यात अडकवावीत किंवा वर पोहोचल्यावर दोरीने ओढून घ्यावीत.

शिडीभोवतीच्या गोल पिंजऱ्यावर अनेकांचा भाबडा विश्वास असतो. प्रत्यक्षात तो पडणाऱ्याला अडवत नाही, उलट त्याच्या पट्ट्यांवर आदळून इजा वाढू शकते. अमेरिकेतील नियमांनुसार नोव्हेंबर २०१८पासून बसवलेल्या, २४ फुटांहून उंच स्थिर शिडीला पतनरोधक, म्हणजे पडणाऱ्याला मध्येच रोखणारी, यंत्रणा लागते. केवळ पिंजरा चालत नाही. शिडीवरील उभ्या दोरीला किंवा रुळाला पूर्ण शरीराचा हार्नेस (खांदे, छाती व मांड्यांभोवती बांधायचा सुरक्षा पट्टा) जोडूनच चढावे. एकदा पडण्याचा झटका सोसलेला हार्नेस, दिसायला धड असला तरी, वापरातून काढून टाकावा.