इंग्रजी वाक्यात प्रिपोझिशन कुठे ठेवावे

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याला चिकटते. ‘शनिवारवाड्यासमोर’ म्हणताना आपण आधी वाड्याचे सामान्यरूप करतो आणि मग ‘समोर’ जोडतो. इंग्रजीत हेच काम प्रिपोझिशन करते, पण क्रम उलटा, ‘इन फ्रंट ऑफ शनिवारवाडा’, आणि नामही जसेच्या तसे राहते. सर्वनाम मात्र बदलते, म्हणून ‘विथ आय’ नव्हे, ‘विथ मी’. एवढे शाळेतच पक्के होते.

खरी अडचण नाम आपली जागा सोडून पुढे गेले की सुरू होते. ‘मी राहतो ती पेठ’ असे पुण्यात कोणीही सहज म्हणेल. ‘पेठेत’मधला ‘त’ इथे गळून पडला, हे आपल्या लक्षातही येत नाही. त्याच सवयीने ‘द पेठ आय लिव्ह’ असे लिहिले जाते आणि वाक्य लंगडे होते, कारण इंग्रजीत नाम पुढे गेले तरी प्रिपोझिशन मागे उरावेच लागते: ‘द पेठ आय लिव्ह इन’. शंका आली तर नाम मनातल्या मनात मूळ जागी नेऊन साधे विधान करून पाहावे. ‘आय लिव्ह इन सदाशिव पेठ’ यात ‘इन’ लागते, म्हणून वरच्या रचनेतही ते लागते. ‘आय व्हिजिटेड सारसबाग’ यात काहीच लागत नाही, म्हणून ‘द गार्डन आय व्हिजिटेड’ एवढेच पुरते. ‘व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?’ या प्रश्नातला ‘अ‍ॅट’ही याच कसोटीने सापडतो.

वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करू नये, असे आपल्यापैकी अनेकांनी वहीत उतरवून घेतले आहे. इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनातील अशा वाक्यांना दोष दिला होता. माझ्या मते हा शैलीचा प्रश्न आहे, व्याकरणाचा नाही. अर्जात किंवा प्रबंधात ‘द ऑफिस इन विच आय वर्क’ शोभते, बोलताना ते अवघडलेले वाटते. मात्र ‘विच’च्या जागी ‘दॅट’ घालून ‘इन दॅट आय वर्क’ म्हणता येत नाही, आणि ‘इन विच आय वर्क इन’ असे दोन्हीकडे ‘इन’ ठेवणे ही तर चूकच.

‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर असली, तरी सर्वनाम आले की ‘स्विच इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. हा ‘ऑफ’ क्रियापदाचा सोबती आहे, नामाचा नव्हे. ‘लुक अ‍ॅट इट’मधला ‘अ‍ॅट’ मात्र ‘इट’च्या आधीच राहतो.