गुग्गुळाचा धूप: खरेदीपासून निखाऱ्यापर्यंत

नवरात्रात घटासमोर धूप घालावा म्हणून हौसेने गुग्गुळ आणावा आणि निखाऱ्यावर टाकताच घरभर घसा धरणारा काळा धूर व्हावा, असे पुष्कळ घरांत होते. अशा वेळी बहुधा माल भेसळीचा असतो, नाहीतर निखारा फार तापलेला असतो.

गुग्गुळ हा राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या भागांत वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा वाळलेला चीक असून हिराबोळ देणारी झाडेही त्याच जातकुळीतली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात अभ्यासक ज्याला गुग्गुळ समजतात तो पदार्थ येतो, आणि त्याच बंदराकडे तगरहून, म्हणजे आपल्या सोलापूरच्या शेजारच्या तेरहून, कापड जात असल्याचाही उल्लेख आहे.

खरा गुग्गुळ तपकिरी आणि किंचित चिकट असतो. खड्याला साल किंवा माती लागलेली असली तर बिघडत नाही. काचेसारख्या चकचकीत, एकसारख्या पिवळ्या खड्यांचा मात्र संशय घ्यावा. एक खडा सहाणेवर पाण्याच्या चार थेंबांत उगाळून पाहावा. गुग्गुळात राळेबरोबर डिंकही असल्यामुळे पाणी दुधाळ होते, नुसत्या राळेने तसे होत नाही.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा बरणीतल्या खड्यांचा गोळा होऊन बसतो आणि तो कुटता कुटत नाही. म्हणून गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीतच, तो खलबत्त्यात कुटून घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवावा. उन्हाळ्यात कुटण्याची वेळ आलीच, तर खडे तासभर फ्रीजमध्ये ठेवावेत आणि कुटताना चिमूटभर चंदनाची पूड घालावी. तुकडे तुरीच्या डाळीएवढे असावेत. पीठ केल्यास ते क्षणात जळून जाते.

खरे कसब निखाऱ्याचे आहे. धुपाटण्याच्या तळाशी राख पसरून तीवर गोवरीचा निखारा ठेवावा आणि तो लालबुंद असताना गुग्गुळ मुळीच टाकू नये. निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत, आरतीला जमलेली मंडळी ताटकळली तरी, थांबावे. सुगंध उडून जाणाऱ्या तेलाचा असतो आणि तो मंद आचेवरच नीट सुटतो, ज्वाळेत मात्र जळून जातो. तुकड्याने पेट घेतलाच, तर वरून चिमूटभर राख टाकावी. डिंकाचा भाग न उडता काळा होऊन मागे राहतो व त्यालाच करपट वास येतो, म्हणून दुसरा तुकडा टाकण्यापूर्वी तो चिमट्याने काढून टाकावा.

खिडकी उघडी ठेवावी. धूप देवाचा असला तरी धूर तो धूरच, त्यामुळे तान्हे बाळ आणि दम्याचा रुग्ण यांना त्या खोलीत बसवू नये.

एका वेळी दोन-तीन तुकडे पुरेत. चिकासाठी अतोनात चिरा पाडल्याने ही झुडपे मरतात, आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही वनस्पती आज अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.