सॉप्स शिकताय? कमांडच्या आधी चाव्या समजून घ्या

आमच्या टीममध्ये डेव्हऑप्सला (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवायचं काम) नवीन कोणी आलं की सॉप्स, म्हणजे पासवर्ड-टोकनसारखी गुपितं फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवणारं टूल, शिकवायचं काम बहुतेक माझ्याकडे येतं. कमांड पटकन जमतात. अडतं ते एन्क्रिप्शनच्या चाव्यांपाशी (की).

हे टूल मूळ मोझिलातलं, २०२३ पासून क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे आहे. यॅमल फाइलमधली (नाव आणि मूल्य अशा जोड्यांची साधी कॉन्फिग फाइल) नावं ते तशीच ठेवतं आणि फक्त मूल्यं एन्क्रिप्ट करतं. त्यामुळे गिटच्या डिफमध्ये, म्हणजे फाइलमधले बदल दाखवणाऱ्या यादीत, कोणता पासवर्ड बदलला ते दिसतं, पासवर्ड दिसत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला याची किंमत कळते.

सुरुवात एज या साध्या एन्क्रिप्शन टूलपासून करा. जीपीजी या जुन्या, किचकट टूलच्या नादी सध्या लागू नका. त्याची 'एज-कीजेन' कमांड चालवली की चाव्यांची जोडी मिळते. पब्लिक की रेपोतल्या (प्रोजेक्टचं गिटमधलं फोल्डर) सॉप्सच्या कॉन्फिग फाइलमधल्या यादीत जाते, प्रायव्हेट की तुमच्याच मशीनवर राहते. ती हरवली तर 'फरगॉट पासवर्ड' नाही, म्हणून प्रत्येक फाइल उघडू शकणाऱ्या किमान दोन चाव्या असू द्या.

आता आतलं काम. सॉप्स प्रत्येक फाइलसाठी एक डेटा की बनवतं, मूल्यं तिने एन्क्रिप्ट करतं आणि ती डेटा की प्रत्येकाच्या पब्लिक कीने वेगवेगळी बंद करून त्याच फाइलमध्ये ठेवतं. म्हणून नवा माणूस आला की त्याची पब्लिक की यादीत टाकून सॉप्सची 'अपडेटकीज' कमांड चालवली की पुरतं. मूल्यांना हातही लागत नाही.

माणूस टीम सोडून गेला की मात्र तेवढ्याने भागत नाही. यादीतून त्याची की काढून 'अपडेटकीज' केलं तरी डेटा की जुनीच राहते. सॉप्सची 'रोटेट' कमांड चालवली की ती बदलते. पण गिटच्या इतिहासातली जुनी फाइल त्याच्या कीने आजही उघडते! त्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय टोकन, जे जे त्याला दिसत होतं ते मुळातच बदलावं लागतं. मुलाखतीत मी हा प्रश्न हमखास विचारतो, आणि 'रोटेट केलं, झालं' हेच उत्तर बहुतेकदा येतं.

हे काम आटोक्यात ठेवायचं तर प्रॉडक्शनची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा आणि तिच्या चाव्या मोजक्याच लोकांकडे द्या. कॉन्फिगमध्ये फाइलच्या पाथनुसार नियम लिहिता येतात. ॲप चालवताना डिक्रिप्ट केलेली फाइल डिस्कवर टाकू नका. सॉप्सची 'एक्झेक-एन्व्ह' कमांड वापरा, मूल्यं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून थेट प्रोसेसला मिळतात.