आपल्या मानेतील श्वासनलिका आणि अन्ननलिका कशी ओळखावी

आरशासमोर ताठ बसावे, हनुवटी किंचित वर उचलावी आणि दोन बोटांनी मानेच्या मध्यरेषेवर हलकेच चाचपावे. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना ज्या रक्तवाहिन्यांचे ठोके जाणवतात, त्यांवर मात्र दाब देऊ नये. दोन्हींवर एकाच वेळी तर मुळीच नाही.

हनुवटीखालून बोट खाली आणले की वरच्या कडेला लहानशी खाच असलेला कंठमणी लागतो. हा स्वरयंत्राचा पुढचा भाग असून पुरुषांमध्ये तो अधिक ठळक असतो. त्याच्याखाली एक मऊ खळगा आणि खळग्याखाली अंगठीसारखी कडक कूर्चा लागेल. ही खूण घाई न करता पक्की करावी, कारण तिच्या खालच्या कडेशी, साधारणपणे मानेच्या ६व्या मणक्याच्या पातळीवर, श्वासनलिका सुरू होते आणि नेमकी तिथेच, तिच्या मागे, अन्ननलिकाही सुरू होते.

आता बोट गळ्याच्या तळाशी, छातीच्या हाडाच्या वरच्या कडेला असलेल्या खोबणीपर्यंत न्यावे. वाटेत थायरॉईड ग्रंथीचा मधला पट्टा श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर पसरलेला असल्याने तिथली कडी स्पष्ट लागत नाहीत. अशी १६ ते २० कूर्चेची कडी १० ते १२ सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका सतत उघडी ठेवतात. ही कडी मागच्या बाजूने अपुरी असतात आणि ती फट स्नायूने भरलेली असते.

त्या मऊ बाजूलाच टेकून, मणक्यांच्या पुढे, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका उतरते. रिकामी असताना ती चपटी मिटलेली असते, म्हणून ती बोटाला लागत नाही. तिचे काम मात्र जाणवते. कंठमण्यावर बोट ठेवून पाण्याचा एक घोट गिळावा. स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वास क्षणभर थांबतो, श्वासमार्गाचे तोंड झाकले जाते आणि घोट मागच्या नळीत उतरतो. इतक्या जवळच्या दोन वाटा दिवसभर न चुकता वेगळ्या राखणारी ही हालचाल मला मानेतील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. घोट गिळताना बोलू किंवा हसू नये, ते यासाठीच.

शेवटी खोबणीत बोट ठेवून श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंची जागा ताडून पाहावी. किंचित उजवीकडचा कल निरोगी माणसातही आढळतो. मात्र नलिका स्पष्टपणे एका बाजूला सरकलेली वाटली किंवा गिळताना वर सरकणारी गाठ दिसली, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.